एका दिवसाचे मास्तर

सुप्याच्या बाजारात शंकर दुकानदाराचे किराणा दुकान होते आणि दुकानाच्या पाठीमागेच घर. १९१२ सालच्या त्या सकाळी त्याची बायको इंदुबाई लेकीची वेणी घालता घालता म्हणाली, "तुळजा, शाळा सुटल्यावर नदीकडं रेंगाळू नगंस. सांजच्याला पाव्हणं येणार हाइत तुला बघाया."

तुळजाला नुकतेच तेरावे लागले होते. "कोण पाव्हणं, अव्वा?"

"खानापूरकडचे. मुलगा शिकलेला हाय म्हणत्यात, हुंडा बी मागत न्हाईत. आन् ह्ये जमलं न्हाई, तर तुझ्या आप्पांनी हल्याळचा कंत्राटदार हेरून ठेवलाच हाय."

कंत्राटदाराला तुळजाने एकदा दुकानात पाहिले होते. दोन बायका गेलेला, कलप लावलेल्या मिशांचा माणूस. तिला आपादमस्तक न्याहाळून तो म्हणाला होता, "हाडानं बरी हाय." म्हैस बघायला आल्यासारखा. त्या दिवसापासून दुकानात कुणी मोठ्याने बोलले तरी ती दाराआड होई.

सातव्या इयत्तेत ती एकटीच मुलगी. मुलांपासून वेगळी, दाराजवळ स्वतःचे तरट टाकून बसायची. नेहमीचे मास्तर रानतापाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्या दिवशी वर्गावर एक तरुण आला. अंगाने किडकिडीत, नदी ओलांडताना धोतराच्या काठाला तांबडा चिखल लागलेला.

"मी गुणाजी. शाळाखात्याचा बदली मास्तर, इथं आजच्या दिवसापुरता. उद्या दुसरे कुणी येतील," तो म्हणाला आणि त्याची नजर दाराशी गेली. "तू तिथं का? इकडं पुढं ये."

तुळजा जागची हलली नाही. शेवटी त्यानेच तरट उचलून पहिल्या रांगेत टाकले. मुले कुजबुजली. तुळजा येऊन बसली, तेव्हा फळा तिला प्रथमच तिरका दिसला नाही.

धडा वाचून झाल्यावर गुणाजीने सहज विचारले, "वर्गात मुलगी एकच कशी? पहिल्यापासून एकच होती?"

"न्हाई मास्तर," येसू नावाचा मुलगा उठून म्हणाला. "लई होत्या. लग्नं झाली."

"कुणाकुणाची?"

मुलांना मजा वाटू लागली. गाणे म्हणावे तशी ती नावे घेऊ लागली. चंद्रा तिसरीतून गेली, गुंद गावाला दिली. मंगल चौथीतून. तिचा नवरा पटकीने गेला, आता ती भावाच्या घरी शेण-गोठा करते, बाहेर दिसत नाही. शांती घाटाखाली.

"आन् फुला?" मागून कुणी तरी म्हणाले.

सगळ्यांची नजर येसूकडे वळली. फुला येसूची बहीण. येसू पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत म्हणाला, "तिला दिग्गीला दिली हुती. तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. बाळ बी गेलं. वाटंला पाणी हुतं म्हणून आमी पोचलोच न्हाई."

गुणाजीने हातातले पुस्तक मिटले. मग त्याच्या तोंडून शब्द फुटले ते थेट काळजातून. तेरा वर्षांच्या मुलीचे अंग म्हणजे मुलीचेच अंग. तिला आई करायची घाई करणारे तिचे वैरी नसतात, आईबापच असतात, आणि म्हणूनच तिला धावून कुणाकडे जाता येत नाही. असे बोलणे सुप्याच्या शाळेत कुणी कधी ऐकले नव्हते.

तुळजा उठून उभी राहिली. "मास्तर, पोरीनं न्हाई म्हटलं तर?"

"तर ते लग्न होता कामा नये," गुणाजी ताडकन म्हणाला. मग मऊ आवाजात त्याने विचारले, "तू कुणाची गं?"

"बाजारातल्या शंकर दुकानदाराची."

मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यानंतर दिवसभर त्यांनी फळ्याकडे तोंड करूनच गणिते घातली. मास्तरांनाही ताप भरला, असे मुलांना वाटले.

संध्याकाळी इंदुबाईने तुळजाला लुगडे नेसवले आणि गूळपाण्याचे तबक हाती दिले. मान खाली घालून ती माजघरात आली. जाजमाच्या कडेला धोतराचा काठ दिसला, तांबड्या चिखलाचा. तिने चटकन वर पाहिले. मास्तर! तिच्या जिवात जीव आला. आप्पांना सांगायलाच आले असतील ते.

तेवढ्यात शेजारचे पागोटेवाले गृहस्थ खाकरून म्हणाले, "ह्यो आमचा गुणाजी. एकुलता एक. सुप्याला येणारच हुता, म्हटलं मुलगी बी बघून घेऊ."

ते गुणाजीचे वडील परशुराम. तुळजाच्या हातातले तबक कलंडता कलंडता राहिले. परशुरामांनी तिला चालायला लावले, हात पाहिले, दात पाहिले. गुणाजी जाजमाची वीण बघत होता. दिवसा इतके बोललेला माणूस आता तोंडातून अवाक्षर काढीना. तुळजाला वाटले, आपण ज्या दाराकडे धावलो ते दार नव्हतेच, भिंतीवर रंगवलेले होते.

फराळ झाल्यावर गुणाजी हात धुवायला परसात आला. पाणी घालायला मुलीलाच पाठवायची रीत.

"तू शाळेत सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मुलगी सोळाची आहे असं सांगितलं होतं मला. मी आत्ता जाऊन नकार देतो."

"नगा देऊ," तुळजा म्हणाली. तिने तांब्यातली धार थांबवली. "तुमी न्हाई म्हणून सुटाल. उद्या हल्याळचा कंत्राटदार येईल. त्यो न्हाई म्हणनार न्हाई."

"मग काय करू?"

"थांबा म्हणा. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

गुणाजीने मान डोलावली. तिने खालच्या आवाजात विचारले, "आन् मोठी झाल्यावर मी न्हाई म्हटलं तर?"

"तर मी बोहल्यावरून उठून जाईन," तो म्हणाला.

माजघरात सोयरीक पक्की करायला इंदुबाईने साखरेची वाटी आणून ठेवली होती. वैशाखातला मुहूर्त निघत होता. गुणाजीने साखर तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही.

"मुलगी ठरली," तो म्हणाला. "पण अक्षता तिला सोळा पुरी झाल्यावर. तोवर तिची शाळा सुटायची नाही."

"खुळा का काय तू?" परशुराम गरजले. "न्हाण आलेली पोर घरात ठेवायची? लोक तोंडात शेण घालतील!"

"मग ही साखर खाली ठेवतो, बापू. आणि पुन्हा जन्मात कुठल्या घरची उचलत नाही."

एकुलत्या एका मुलाचे ते बोल ऐकून परशुरामांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. शंकरने एकदा पाहुण्यांकडे, एकदा बायकोकडे पाहिले. हुंडा न मागणारा, सरकारी नोकरीतला जावई. हातचे स्थळ सोडवेना. "एवढं म्हणत्यात तर थांबू," तो पुटपुटला. गुणाजीने साखर तोंडात टाकली.

दाराआडून तुळजाने हे सारे ऐकले. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिला मोकळे राहायचे तर आधी कुणाची तरी व्हावे लागले होते. चिमूटभर साखरेने तिला तीन वर्षे मिळाली होती, आणि ती साखरही दुसऱ्याच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना इंदुबाई खुशीत होती. "गुणाचा हाय गं जावई. तुझं नशीब थोर."

"चांगलंच हाइत ते, अव्वा," तुळजा म्हणाली. "पण काल त्यांनी म्हटलं म्हणून तुमी थांबला. मी म्हटलं असतं, तर थांबला असता?"

इंदुबाईचे हात थांबले.  "मला तर कुणी इचारलंच न्हवतं गं," ती म्हणाली. "नऊ वर्साची हुते मी. झोपेतनं उठवून बोहल्यावर बसवली हुती."

तिने वेणीची गाठ मारली. तुळजा शाळेला गेली. इंदुबाई उंबऱ्यात उभी राहून ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.

दुकानातून शंकरने हाक मारली. "अगं, कंत्राटदाराचा माणूस आलाय. साखर पडली, आता येऊ नगा, म्हणून सांगतो त्याला."

"थांबा," इंदुबाई म्हणाली. पदर सावरून ती दुकानात आली. भर गिऱ्हाइकांत असे येण्याची तिची ही पहिलीच वेळ. ती त्या माणसाला म्हणाली, "मालकाला सांग, आमच्या पोरीला हे स्थळ पसंत न्हाई."

शंकर चपापला. "अगं, साखर पडली एवढंच सांग की."

"ते बी सांगू दे," इंदुबाई म्हणाली. "पण आधी ह्ये सांगू दे."