वरच्या घरचं खमीर

ग्यूरीला बसायचं होतं. नुसतं भिंतीला टेकून, पाय पसरून, कुणाशी एक शब्द न बोलता. पण नवरा गेल्यावर बाईला बसायला मिळतं असं ज्याला वाटत असेल, तो या खोऱ्यातला नव्हे. एंद्रेचं दफन शनिवारी होतं. त्यानंतर अख्खं खोरं जेवायला येणार, म्हणजे बिअर हवी. साधीसुधी नाही, चांगली जड. इथे मयताच्या बिअरवरून गेलेल्या माणसाचं वजन करतात. पातळ निघाली तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पाठीमागे मात्र वर्षभर म्हणतात.

म्हणून ती पहाटेपासून अंगणापलीकडच्या चुलखोलीत उभी होती. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या घालून पाणी उकळलं, मोड आणून वाळवलेले जव त्यात मुरवले, रस गाळला, तांब्याच्या हंड्यात आटवायला ठेवला. दर नाताळाआधी हे सगळं एंद्रे करायचा. ती लाकडं पुरवायची आणि नावं ठेवायची. आता दोन्ही कामं तिचीच, पण नावं ठेवण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं. उन्हाळाभर त्याला उचलून बसवता बसवता तिच्या पाठीचा पार भुगा झाला होता.

रस मात्र झकास उतरला. दाटपणा कळायला त्यात अंडं सोडून पाहिलं, तर ते बुडायचं नावच घेईना. डोकं वर काढून तरंगत राहिलं.

घोडं अडलं ते खमिराशी. तळघरातली बरणी गेल्या नाताळापासून कुणी उघडली नव्हती. ग्यूरीनं चमचाभर खमीर कोमट रसात घालून चुलीशेजारी ठेवलं आणि बराच वेळ वाट पाहिली. ना फेस, ना बुडबुडा. नाक लावलं तर कुजका वास.

"मेलं," ती म्हणाली.

"मी आणलंय की, आई," तूरुन म्हणाली. ही तिची लेक, बर्गन शहरातून आलेली. तिनं खिशातून दुकानातली पुडी काढली. "पावाचं आहे, पण खमीर ते खमीर."

"पावाचं पावाला. एवढ्या दाट रसात ते अर्ध्या वाटेत बसकण मारेल. मग लोकांना काय वाढू, गोड काढा?"

"दोन पुड्या घालू मग."

"दहा घाल. चार गाढवं जुंपली म्हणून त्यांचा घोडा होत नाही."

तूरुननं पुडी परत खिशात घातली. मग हळूच म्हणाली, "मोन्सकाकाकडे असेल."

ते ग्यूरीला काय ठाऊक नव्हतं? मोन्स एंद्रेचा थोरला भाऊ. त्याचं घर तिथेच वर, चढावर. भाऊ वेगळे झाले तेव्हा आईनं घरचं खमीर दोघांना वाटून दिलं होतं, एकाचं बिघडलं तर दुसऱ्याकडे असावं म्हणून. पण पुढे एका बारशाला मोन्सनं भर पंगतीत एंद्रेच्या बिअरचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तबेल्याचा वास येतोय," म्हणाला. झालं! त्या घरचं काही माझ्या पिंपात पडणार नाही, अशी एंद्रेनं शपथ घेतली. तूरुन तेव्हा शाळेत होती. सख्खे भाऊ, दोघेही एका माळेचे मणी.

रसात खमीर टाकलं की दारात उभं राहून ओरडायचं, ही इथली रीत. जितका आवाज मोठा तितकी बिअर जोरकस. आणि ज्याला ऐकू येईल त्यानं आपल्या अंगणातून उलट ओरडायचं. एंद्रे दरवर्षी छाती फुटेस्तोवर ओरडायचा. वरून कधी ओ आली नाही. तरी तो उगाच थोडा वेळ दारात थांबायचा, मग "थंडी आत येतेय" म्हणत दार लावून घ्यायचा. ग्यूरी सगळं बघायची.

आता ती पाय ओढत चढण चढली. मोन्सनं दार उघडलं. किती म्हातारा झाला होता!

"खमीर हवंय," ती म्हणाली. "चमचाभर."

"माझ्या घरचं? त्याच्या पिंपात? त्यानं तर शपथ घेतली होती."

"शपथ घेणारा गेला, मोन्स. पिणारे यायचेत."

मोन्सनं जमिनीकडे पाहिलं. मग विचारलं, "रस कसा आहे?"

"अंडं डोकं काढून तरंगतंय."

"आणि चमचाभर मागायला आलीस? अगं, एवढा दाट रस म्हणजे उभी चढण, आणि गाडीला एक शिंगरू? डोकं फिरलंय का तुझं?" गुडघ्यांना शिव्या देत तो आत गेला आणि काठोकाठ भरलेली बरणी घेऊन आला. "सगळं ओत. हात आखडू नकोस."

"आणि तुझ्या नाताळाला?"

"तुझ्या पिंपात वाढलेलं खमीर परत दे की. तेवढंच येणं-जाणं राहील."

"शनिवारी येशील?"

"बघू. गुडघे दुखतात," म्हणत त्यानं दार लावलं.

ती खाली आली तेव्हा रस बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट झाला होता. तिनं बरणी उपडी केली, तळाशी चिकटलेलं बोटानं निपटून घातलं.

"आता ओरड, आई."

"तू ओरड. माझ्यात जीव नाही."

"घरच्या धन्यानंच ओरडायचं असतं ना?"

ग्यूरी दारात गेली. तोंड उघडलं, तर नुसतं खरखरलं. कोंबडी बरी ओरडली असती. खोकून तिनं पुन्हा जोर लावला. या खेपेला आवाज निघाला, बारीक, अंगणापलीकडे जेमतेम पोचेल एवढा. आणि मग ती तिथेच उभी राहिली. कशासाठी, ते आधी तिला कळेना. मग कळलं. एंद्रे उभा राहायचा तशीच ती उभी होती.

"थंडी आत येतेय," ती म्हणाली आणि दाराला हात घातला.

तेवढ्यात वरून आवाज आला. फाटका, म्हातारा, लांबलचक. मोन्स अंगणात येऊन ओरडत होता. थांबला, दम घेतला, पुन्हा ओरडला.

ग्यूरीनं चौकट घट्ट धरली. एंद्रे गेल्यापासून न आलेलं रडू आता एकदम फुटलं, आणि त्यात रागच जास्त होता. "आता? आता ओरडतोस होय रे, मेल्या? दरवर्षी इथं उभा असायचा तो! एकदा, एकदा तरी ओरडायचं होतंस!"

वर पुन्हा तोच आवाज. तूरुननं एका हातानं आईला धरलं आणि दुसरा दार लावायला पुढे केला.

"राहू दे," ग्यूरी म्हणाली. "उघडंच राहू दे."