घरचं नेट

संत तुकाराम नगरातल्या आपल्या इमारतीचा जिना चढताना अर्जुनराव दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, तेवढ्यात नीलाताईंनी दार उघडून त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

“तुम्ही काही देणार नाही, म्हणून आम्हीच आणले. नात चालायला लागली ना, काका! काल पाहिली आम्ही काकूंच्या फोनवर.”

“व्हय, व्हय,” अर्जुनराव म्हणाले.

आपल्याला नात आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पेढा त्यांनी तसाच खिशात टाकला.

वर घरात येऊन त्यांनी मोबाइल काढला आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. अडवलेल्या फोनच्या यादीत एकच नाव होतं, शालन. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं बायकोला त्या यादीत घातलं होतं आणि पासवर्ड बदलून टाकला होता.

लेकीनं, उत्कर्षानं, जर्मनीत आपल्या मनानं लग्न केलं, त्याचा राग होताच. पण खरं दुखलं ते वेगळंच. एका संध्याकाळी शालनबाई लेकीशी फोनवर खळखळून हसत होत्या आणि अर्जुनराव बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत बसले होते. आपल्याला वगळून या दोघी हसू कशा शकतात? रुसायचं तर माणसानं समोर बसून रुसावं. अर्जुनरावांनी राउटरच्या आड लपून रुसवा धरला, आणि वर “नेटला काय झालंय कोन जाणे” असं म्हणायलाही कमी केलं नाही. शालनबाईंच्या फोनला अगदी साधं रिचार्ज. घरचं वायफाय गेलं की जर्मनी गेली. शालनबाईंनी तक्रार केली नाही. रोज दुपारी विणकामाला म्हणून नीलाताईंकडे जायला लागल्या. मध्यंतरी त्यांच्या हातात वीतभर स्वेटर पाहून अर्जुनरावांनी विचारलंही होतं, तर म्हणाल्या, ऑर्डर हाय.

आता अर्जुनरावांना लेक हवी होती, नात डोळ्यांनी बघायची होती. बाकी सगळा मान चुलीत गेला होता.

“नाव सापडंना व्हय माझं?” शालनबाई पाठीमागं येऊन उभ्या होत्या.

त्यांनी मान वर केली नाही. “तुला ठावं व्हतं?”

“पयल्याच आठवड्यात कळलं. तुमी शिफ्टला गेल्यावर नेटवाल्याला बोलावलं व्हतं. म्हनला, काकू, बाकी समदं चालतंय, तुमचाच फोन कुनीतरी अडवलाय. मागचं बटन दाबलं की पयल्यासारखं व्हईल. दाबू का?”

“मंग?”

“न्हाई म्हनलं.”

“का गं?”

शालनबाई पदराला हात पुसत राहिल्या. “तुमीच सांगायचा की कंपनीतलं. मशीनमदी शिरताना जो मेन स्विचला कुलूप लावतो, त्यानंच ते काढायचं. दुसऱ्यानं हात लावला तर आतला मानूस मरतो.”

अर्जुनरावांना रडू फुटलं. दोन वर्षं ही बाई त्यांची वाट बघत थांबली होती, आणि ते तिला शिक्षा करण्यात गुंतले होते. त्यांनी तिचं नाव यादीतून काढलं.

“लाव तिला,” ते म्हणाले. “मी बोलतो. चुकलं म्हनतो.”

शालनबाईंनी फोन लावला. स्क्रीनवर उत्कर्षा आली, कडेवर जावळाची पोर. आईच्या मागची भिंत ओळखून उत्कर्षा क्षणभर बावरली.

“आई, आज घरून कशी काय?” मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. “आण्णा घरात नाहीत ना? बरं झालं बाई! दाखव, दाखव, हिला आपलं घर दाखव सगळं.”

शालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फोन त्यांच्याकडे वळवायला हात उचलला, तशी अर्जुनरावांनी नकाराची मान हलवली. ते आवाज न करता उठले. फोनमध्ये दिसू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेले, बाहेर पडले आणि दार हळूच ओढून घेतलं.

आतून शालनबाईंचा आवाज आला, “न्हाईत गं. आत्ताच भाईर गेल्यात.”