हंड्यात म्हटलेलं गाणं

मी बिडाचा हंडा बोलतोय. तीन पायांचा, काळाकुट्ट, पोट सुटलेला. हसू नका, या पोटात काय काय राहिलंय ते ऐका आधी.

कुठल्या भट्टीत जन्मलो ते आठवत नाही. मला कळायला लागलं ते टेक्ससच्या कापसाच्या मळ्यावर, गुलामांच्या झोपडीत. त्यांना प्रार्थनेची बंदी होती. मुकादम लांब गेला की झोपडीतली जेरुशा मला दाराशी पालथा घालायची, काठाखाली लाकडाची ढलपी सरकवायची आणि त्या फटीला तोंड लावून आईनं शिकवलेलं गाणं कुजबुजायची. आवाज हंड्यात अडकतो, बाहेर जात नाही, असं सगळे मानत. खरं सांगू? आवाजबिवाज काही अडकत नव्हता. पण एवढा भरवसा टाकल्यावर मीही जीव मुठीत धरून बसायचो.

मग गुलामी संपली. पंधरा घरांनी ओढ्याकाठचं रान तोडून वस्ती केली, नाव ठेवलं बेथपेज. अख्ख्या वस्तीत हंडा एकच, मी! साबण माझ्यात, मका माझ्यात, लग्नाचं जेवण माझ्यात. कामानं पार पिट्टा पडला, पण थाट काय होता माझा.

वस्तीचं देऊळ, म्हणजे चर्च, नुसता फांद्यांचा मांडव होता. पहिल्या प्रार्थनेला सगळ्यांनी जेरुशा आजीला गळ घातली. ते गाणं तिला एकटीलाच येत होतं आणि ती सत्तरी ओलांडलेली. तिच्याबरोबर गाणंही जाणार, याची सगळ्यांना धास्ती.

"हंडा पालथा घाला, मग म्हणते," आजी म्हणाली.

"त्यात चवळी शिजतेय, सासूबाई," सून ओफेलिया म्हणाली. "पालथा घातला तर पाद्रीबाबा उपाशी घरी जातील."

"मग राहिलं गाणं."

"आता कोण येतंय पकडायला?"

"मुकादम काय सांगून यायचा?"

प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. आजी हळूच माझ्यापाशी आली, झाकण काढलं आणि गायला तोंड आत घातलं. चवळीची वाफ भसकन तोंडावर आली. आजी अशी किंचाळली की मांडव हादरला.

सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी सवयीनं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक खेचर गवत खात होतं, बाकी कुणी नाही.

ओफेलिया ओलं फडकं घेऊन धावली. "भाजलं का हो?"

"कुणीच आलं नाही गं," आजी म्हणाली. आणि पोट धरून हसायला लागली.

मग उभं राहून, खड्या आवाजात, तिनं अख्खं गाणं म्हटलं. पोरांना पाठ होईपर्यंत तीनदा. तेवढ्यात माझ्या बुडाशी चवळी करपली. कुणी तक्रार केली नाही, बोटं चाटूनपुसून खाल्ली. मी इतका सुखी कधीच नव्हतो.

आता माझा एक पाय मोडलाय, देवळाच्या पायरीशी बसून असतो. दर ऑगस्टात शहरांतून नातवंडं, पतवंडं घरी येतात आणि तेच गाणं म्हणतात. यंदा पाच वर्षांच्या एका चिमुरडीनं दुसरं कडवं साफ चुकवलं, तेही सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. बायका तिला 'शू' करायला लागल्या.

अहो, करू नका. चुकू दे तिला, पण गप्प बसवू नका.