मधली ओळ

थोरली नणंद वरचा सूर धरायची, धाकटी खालचा, आणि दोघींच्या मध्ये वहिनी. मधल्या सुराचं नशीब मधल्या सुनेसारखं: राबायचं सगळ्यांत जास्त, दिसायचं सगळ्यांत कमी. सासूबाई तर चारचौघांत म्हणायच्या, "लेकी गातात, सूनबाई नुसतं तोंड हलवते." वहिनी ते हसण्यावारी न्यायची. आतून मात्र फार लागायचं.

तिघींच्या पहिल्या मोठ्या गाण्याला भलाथोरला वाद्यवृंद ठरला. रेकॉर्डिंगच्या दिवशी संगीत संयोजक कागदातून मान वर न करता म्हणाला, "मधली ओळ व्हायोलिनं वाजवतील. वहिनी, तुम्ही आराम करा."

आराम म्हणे! वहिनी काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी, मांडीवर पर्स घेऊन बसली. घरी काय सांगायचं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात थोरली हळूच खाली उतरली, धाकटी वर चढली, आणि दोघी वहिनीच्याच ओळीवर येऊन बसल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. स्वयंपाकघरात तिघी रोज गाणं घोटायच्या, तेव्हा या दोघी वहिनीच्या आवाजाला टेकूनच आपला सूर लावायच्या. आता ती जागा रिकामी दिसली की दोघीही भरायला धावत होत्या.

"अहो, तुम्ही एकच ओळ गाताय," संयोजक वैतागला.

थोरलीने हेडफोन काढून ठेवला. "खांब तुम्हीच काढलात, आणि छप्पर खाली आलं म्हणून आमच्यावर ओरडताय? वहिनीला आत पाठवा, नाहीतर आम्ही निघालो." धाकटीने तर दारही उघडलं होतं.

वहिनी आत गेली. तिघींनी सूर लावला तसा संयोजकाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. शेवटच्या कडव्याला त्याने हात वर करून अख्खा वाद्यवृंद गप्प केला. तीनच आवाज उरले. मग त्याने हात खाली आणला आणि व्हायोलिनं, ट्रम्पेटं, सगळी एकदम त्यांच्यामागून उसळली. वहिनीच्या अंगावर काटा आला. आपण मध्ये आहोत याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

गाणं तुफान गाजलं. जो तो वरचाच सूर गुणगुणायचा. एका सकाळी वहिनी भांडी लावत होती आणि अंगणात सासूबाई कपडे वाळत घालता घालता गात होत्या. वहिनी हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिली. सासूबाई तिची ओळ गात होत्या, एकही जागा न चुकता.

भांड्यांचा आवाज थांबला तशा त्या म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? वरचा सूर धर. मधला मी धरलाय."