गुरुवारचा निरोप

लव्हॉनने लाटणं जरा जोरात फिरवलं आणि लेफ्सा मधोमध फाटली.

"बटाट्यावर कसला राग काढतेस गं?" शेजारच्या टेबलावरून बेव्हने टोमणा मारला.

चर्चच्या तळघरातल्या सगळ्या बायका हसल्या. नाताळच्या विक्रीसाठी बटाट्याच्या या पातळ पोळ्या दर नोव्हेंबरात इथेच होत. लव्हॉन लाटायची आणि आर्डिस तव्यावर लांब काठीने उलटायची. दोघी नवीन लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हापासूनचं हे ठरलेलं.

लव्हॉनच्या एप्रनच्या खिशात फोन पुन्हा थरथरला. सकाळपासून त्याला उसंत नव्हती. कुठे पूर, कुठे गोळीबार, कुठल्याशा पाळकाचं प्रवचन. त्यातच चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनेचा ग्रुप, कुणाचा गुडघा, कुणाचं हरवलेलं कुत्रं. लव्हॉन सगळ्यांखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकून मोकळी व्हायची. कुणी राहून जायला नको.

पूर्वी ही प्रार्थनेची साखळी घरच्या फोनवरून चाले. आर्डिस लव्हॉनला कळवी, लव्हॉन बेव्हला. पण नेम असा, की आधी प्रार्थना आणि मगच पुढचा फोन. शेगडीवरची कॉफी उतू गेली तरी लव्हॉनने तो नेम कधी मोडला नव्हता. तेव्हा आठवड्यातून एखादाच निरोप यायचा, आणि तो आठवडाभर मनात राहायचा.

"तुला एक सांगायचं होतं," तव्याकडे बघत आर्डिस हळूच म्हणाली. "गुरुवारी मी ग्रुपवर लिहिलं, आणि लगेच तुझे हात आले. सगळ्यांच्या आधी. मी तिथल्या नर्सलासुद्धा दाखवले. म्हटलं, ही बाई आत्ता हातातलं काम टाकून प्रार्थनेला बसली असणार."

लव्हॉनचं लाटणं थांबलं. गुरुवारी काय लिहिलं होतं हिने? नर्स म्हणजे इस्पितळ. पण कोण? हात पिठाने माखलेले. फोन काढून बघायचीही सोय नव्हती.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. ती पुन्हा लाटू लागली.

"जेवणाआधीची प्रार्थना आज तू कर. तिच्यासाठीही माग. मला नाही जमायचं, रडू येईल."

बेव्हने ताटलीवर चमचा वाजवला. बायकांनी हात पुसले, माना खाली घातल्या.

"प्रभू," लव्हॉनने सुरुवात केली, "या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि आर्डिसच्या घरच्या त्या लेकरालाही सांभाळ. तू तर तिला नावाने ओळखतोस."

वाक्य छान जमलं होतं. मागून कुणीतरी "हो, प्रभू" असं पुटपुटलंही. आता आमेन म्हटलं की सुटका. पण ही थाप आपण कुणाला मारतोय, ते तिच्या ध्यानात आलं.

"आर्डिस," डोळे न उघडताच ती म्हणाली, "मला ठाऊकच नाही गं. मी वाचलं नव्हतं. नुसते हात टाकले."

करपल्याचा वास सुटला. आर्डिसने तव्यावरची काळी पडलेली लेफ्सा उचलून कचऱ्यात टाकली, तव्याचं बटण बंद केलं.

"कर्स्टन," ती म्हणाली. "माझी नात. सातवा महिना होता. बाळ पोटातच गेलं."

"आर्डिस, अगं, मी..."

"माझ्याशी नंतर बोल. आधी ते पुरं कर."

लव्हॉनने पुन्हा मान खाली घातली. बाकीच्यांनीही. आर्डिस तेवढी तशीच उभी राहिली, उघड्या डोळ्यांनी, ही आता काय म्हणते ते ऐकत.