मेलेले निवडणारी

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात पावसाळ्यात हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडते आणि माझ्या बायकोच्या, एल्विराच्या, उजव्या भुवईवरचा व्रण जांभळा होतो. ढगाच्या पोटात वीज दडावी तसा त्या व्रणात संताप दडलेला असतो. उरलेल्या चेहऱ्यावर मात्र वसईच्या चर्चमधली रविवारची शांतता.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ती दाराशी बसते. आत आधी कुणी जायचं, हे ठरवणारी नर्स. तो व्रण पडला त्या दुपारी पबबाहेर फुटक्या बाटल्यांनी एकमेकांना फाडलेले दोघे एकदमच आले. एकाच्या कपाळावरून रक्ताचा पडदा लोंबत होता आणि तो शिव्यांनी छत हलवत होता. दुसरा राखेच्या रंगाचा, मुका, बरगडीखाली बोटभर भोक. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, मुक्याचा भरवसा नसतो, हा तिच्या कामाचा पहिला धडा. तिने मुक्याला आत धाडलं. ओरडणाऱ्याच्या मित्राने खुर्ची फेकून तिची भुवई फोडली. बाहीने रक्त पुसून ती वळली, तेव्हा ओरडणं थांबलं होतं. त्याच्या कवटीच्या आतही रक्त साचत होतं. तो तिच्या पायाशीच गेला. मुका वाचला.

चौकशीत ती निर्दोष ठरली. मग केक आला, मोठे साहेब आले, आणि तिचं आडनाव न आठवल्यामुळे त्यांनी ‘आमची वॉल्किरी’ म्हणून तिला काचेची ढाल दिली. टाळ्या भरपूर, केक सुका.

“वॉल्किरी म्हणजे काय रे?” परतताना गाडीत तिने विचारलं. “तू सगळं वाचतोस ना?”

“जुना नॉर्स शब्द. पहिला अर्धा म्हणजे रणात पडलेले, दुसरा म्हणजे निवडणं. घोड्यावरून येऊन मेलेले निवडणारी.”

वायपर दोनदा फिरला.

“म्हणजे केक खाऊ घालून मला सांगितलं, की तूच मारलंस.”

“त्यांना फक्त ऑपेरातली शिंगांचा टोप घातलेली बाई माहीत असते, गं.”

“त्यांचं जाऊ दे. मला आता कळलं ना.”

“मग सोड ती जागा. वॉर्डात बदली माग.”

“आणि तिथे बसेल कोण? तू? पहिल्याच शिवीला पुस्तकात तोंड खुपसशील!”

सोमवारी ती पुन्हा दाराशी बसली. वाचलेली माणसं घरी जातात, म्हातारी होतात, नर्सचा चेहरा विसरतात, तसंच व्हावं. पण तिच्या पायाशी गेलेला तिच्याच वयाचा होता. तो त्या वयातच थांबला आहे, आणि ती दर वर्षी त्याच्याहून थोडी मोठी होत चालली आहे.