टाकेबाईंचं लहानपण

दुकान उघडून आठ महिने झाले होते. त्या सकाळी टाकेबाई एका जाड वहीचे कागद शिवत बसल्या होत्या, आणि समोर शाळेतली एक बाई फाटका शब्दकोश मांडीवर घेऊन मोबाइल चाळत होती.

"हे तुमच्या भावाचंच पान ना?" शाळेतल्या बाईने विचारलं. "किती छान लिहिलंय हो. ते लहानपणापासून वह्या शिवतात, हे मला माहीतच नव्हतं."

"कोण शिवतो?"

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर टाकेबाईंच्या वह्या होत्या, कापडी पाठीच्या, निळ्या आणि विटकरी. खाली धाकट्या भावाचा हसरा फोटो आणि मजकूर: 'सोळाव्या वर्षी मी छापखान्यात बांधणी शिकलो. फेकून दिलेली कातरणं पिशवीत भरून घरी आणायचो आणि आईच्या सुईने तळहाताएवढ्या वह्या शिवायचो. तेव्हापासून एकच स्वप्न होतं, आपलं वह्यांचं दुकान.'

टाकेबाईंनी ते दोनदा वाचलं. शब्द न शब्द त्यांचा होता. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी, चुना सुकायची वाट बघत दोघं पायरीवर बसले असताना त्यांनी तो भावाला सांगितला होता. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितला होता.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घरात कुणीतरी कमवायला हवं होतं. त्या सोळाच्या होत्या, धाकटा अकराचा. त्याची शाळा चालू राहिली, त्यांची सुटली. छापखान्याच्या बांधणी खात्यात त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. टाके इतके एकसारखे पडायचे की खात्यातल्या बायकांनी त्यांना टाकेबाई करून टाकलं, आणि मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं. इतरांच्या हिशेबवह्या आणि अहवाल बांधताना मनात एकच वही असायची: कागद आपण निवडलेला, कापड आपण निवडलेलं, घाई कुणाचीच नाही. छापखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या रडल्या. टाकेबाईंनी दाबायचं जुनं लोखंडी यंत्र मागून घेतलं आणि शिंप्याने सोडलेली एका दाराची खोली भाड्याने घेतली.

भाऊ मदतीला आला होता, हे खरं. "ताई, तू फक्त शीव, विकायचं मी बघतो," म्हणाला. दर पंधरवड्याला वह्यांचं खोकं घेऊन जायचा.

टाकेबाईंनी त्याला बोलावून घेतलं. दुपारी तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि विषय कळल्यावर हसला.

"अगं, वही कोण विकत घेतं? लोक गोष्ट विकत घेतात. गोष्टीला चेहरा लागतो."

"मग माझा चेहरा काय वाईट आहे?"

"वाईट कोण म्हणतंय? पण तुला चार माणसांत बोलता येतं का? फोटो काढायचा म्हटलं की तू पदराने तोंड झाकतेस. मी आपला पुढे झालो. घरातलंच आहे ना, तुझं काय नि माझं काय."

"वह्या नेल्यास, नेल्यास. माझं लहानपण कशाला नेलंस? तुला तुझं नव्हतं का? शाळेत जायचास, क्रिकेट खेळायचास, ते लिही की."

तो उठला. "राग शांत झाला की बोलू. शनिवारी प्रदर्शन आहे, मला दहा कामं आहेत."

संध्याकाळी आईने तोच सूर लावला. "पाठचा भाऊ आहे तुझा. त्याने काय परक्याला दिलं?"

"पाठचा आहे म्हणून पाठीत सुरा खुपसायचा?"

"तू पहिल्यापासून समजूतदार," आई म्हणाली. "तेव्हासुद्धा तुलाच कामाला लावलं, कारण तू नाही म्हणायची नाहीस."

हे आई कौतुकाने म्हणाली, आणि त्यानेच टाकेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं त्यांना वाटत होतं की घराला दुसरा इलाजच नव्हता. इलाज होता. फक्त त्या सोयीच्या होत्या.

"आता म्हणते नाही," त्या म्हणाल्या, आणि ताट तसंच ठेवून उठल्या.

शनिवारी त्या प्रदर्शनात गेल्या. भावाच्या टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं होती आणि तो कातरणांची गोष्ट सांगत होता. 'आईच्या सुईने' म्हणताना त्याचा आवाज छान दाटून आला. टाकेबाई गर्दीतून पुढे गेल्या. पिशवीतून घडी घातलेल्या कागदांचे चार जुडगे, सुई आणि मेण लावलेला दोरा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"शीव," त्या म्हणाल्या.

"ताई, हे काय आता?"

"सोळाव्या वर्षापासून शिवतोस ना? चारच आहेत. शीव."

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी मोबाइल वर धरला. भावाने हसत सुई उचलली. दोरा ओवायला त्याला तीन खेपा लागल्या. मग त्याने घडीच्या मधोमध टोचायचं सोडून कडेला टोचलं, आणि कागद टरकन फाटला.

"सुई कुठे टोचायची तेच त्याला माहीत नाही," टाकेबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "छापखान्यात मी होते. कातरणं मी आणली. हा तेव्हा पाचवीत होता, आणि त्याच्या फीसाठी मी तिथे होते."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "अहो, घरचं घरी मिटवा." दोघं-तिघं काढता पाय घेऊन शेजारच्या टेबलाकडे सरकले. संयोजकाने येऊन विचारलं, "तुमच्याकडे पास आहे का?" टाकेबाईंनी टेबलावरच्या एकशेबारा वह्या खोक्यांत भरल्या. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "माझी अब्रू घालवलीस."

"तुझी तुला ठेव. मी माझं नेतेय."

प्रत्येक वहीच्या आत त्याने आपल्या फोटोची चिठ्ठी डकवली होती. ओल्या फडक्याने ती निघेना, म्हणून टाकेबाईंनी पुठ्ठ्याच्या आतला कागदच सोलला आणि खळ शिजवून नवा लावला. एकशेबारा वेळा. त्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत राग तसूभरही कमी झाला नाही. त्यातच चौथ्या दिवशी भाऊ दारात आला. "तुझाही फोटो टाकू, माझ्या शेजारी," म्हणाला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दार ओढून घे जाताना."

गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. शाळेतल्या बाईने ग्रंथालयातली साठ फाटकी पुस्तकं आणून दिली, आणि टाकेबाई सांगतील तसं मोबाइलवर टाकायला एक साधं पानही लिहून दिलं. फोटो काढताना त्यांनी पदर तोंडावर घेतला नाही, पण हसल्याही नाहीत.

"जरा हसा की," ती म्हणाली.

"नाही. असाच काढ."

दोन महिन्यांनी तिनेच बातमी आणली. भाऊ आता मेणबत्त्या विकत होता. पानावर लिहिलं होतं की लहानपणी घरात दिवे जायचे, आणि तेव्हापासून त्याला मेणबत्त्यांचं वेड आहे.

"दिवे जायचे, हे खरं आहे," टाकेबाई म्हणाल्या, आणि पुढचं फाटकं पुस्तक त्यांनी ओढून घेतलं.